थर कसे कलतात, कसे वाकतात: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण पाऊस संपला की रविवारी सकाळी पारसिकच्या, खारघरच्या, येऊरच्या बाजूला दगड बघत फिरतो. त्यानंतर आठवडाभर मेसेज येत राहतात आणि बरेचसे तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट शेवटी.

१. आमच्याकडे तर सगळा काळा दगडच आहे, त्यात थर कुठून आले?

काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला, थंड झाला, मग काही काळाने त्यावर दुसरा आला, असं पुन्हा पुन्हा झालं. एकेक लोट म्हणजे एकेक थर. आजही हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय.

दोन थरांमधली रेघ ओळखायची सोपी खूण म्हणजे लाल माती. एका लोटाचा वरचा भाग उघड्यावर कुजून माती होते, वरून पुढचा तापलेला लोट येतो आणि ती माती भाजून विटेसारखी लाल होते. याला रेड बोल म्हणतात. रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे काळ्यात मधेच वीतभर किंवा हातभर जाडीचा लाल पट्टा दिसला की समजा, तिथे एक थर संपला आणि दुसरा सुरू झाला. या पट्ट्यावर लक्ष ठेवा, पुढे प्रश्न १३ आणि १५ मध्ये तो लागणार आहे.

२. कलणं आणि वाकणं, यात फरक काय? दोन्ही तिरकंच दिसतं की

कलणं म्हणजे अख्खा थर एका बाजूला झुकला, पण स्वतः सरळच राहिला, पाय मोडलेल्या टेबलासारखा. वाकणं म्हणजे त्याच थराचा कल जागोजागी बदलत गेला, सतरंजी एका टोकाने ढकलली की तिला घड्या पडतात तसा. पुस्तकात या घडीला वली म्हणतात.

गोची अशी की प्रचंड मोठ्या घडीची एकच बाजू तुमच्या समोर असेल तर ती नुसती कललेलीच दिसते. दहा किलोमीटरची घडी दहा मीटरच्या खदानीत कळणार कशी? म्हणून एका ठिकाणी बघून निकाल देऊ नका, चार ठिकाणी मोजा.

मुळात थर आडवेच असतात हे धरून चालायचं, कारण गाळ असो की लाव्हा, तो सपाट पसरतो. निकोलस स्टेनो नावाच्या माणसाने हे १६६९ मध्ये मांडलं. तिरका थर दिसला की "याला नंतर काहीतरी झालंय" असं आपण म्हणतो ते याच्याच जोरावर. (अपवाद प्रश्न १२ मध्ये.)

३. म्हणजे ठाण्या-मुंबईचे थर खरंच कललेत का?

हो, पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे. पनवेलच्या आसपासून उत्तर-दक्षिण जाणारा, शंभर किलोमीटरहून लांब असा एक पट्टा आहे. त्याच्या पूर्वेला थर जवळजवळ आडवे आणि पश्चिमेला ते समुद्राकडे उतरतात. याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. जे. बी. ऑडेन या भूवैज्ञानिकाने १९४९ च्या लेखात त्याचं वर्णन केलं, पण थर पश्चिमेला झुकलेत हे त्याआधी एकोणिसाव्या शतकातल्या सर्व्हेवाल्यांच्याही नजरेत आलं होतं.

कल बऱ्याच ठिकाणी पाच ते पंधरा अंशांच्या घरात आहे. ऐकायला फार वाटत नाही ना, पण हिशोब करून बघा. पाच अंशांचा उतार असेल तर एक किलोमीटर पश्चिमेला गेल्यावर तोच थर सुमारे ८७ मीटर खाली गेलेला असतो, म्हणजे घोडबंदर रोडवरचा एकोणतीस मजल्यांचा टॉवर. दहा अंश असेल तर १७६ मीटर.

४. मी रोज ट्रान्सहार्बरने जातो, पारसिकच्या डोंगरावर रेघा एकदम सरळ दिसतात. मग कललेत कुठे?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि मला फार आवडतो कारण मी स्वतः कळव्यात वाढले आणि कितीतरी वर्षं त्या डोंगराचे थर आडवेच समजत होते.

एक वही घ्या, समोर धरा आणि तुमच्याकडची कड खाली, पलीकडची कड वर अशी तिरकी करा. आता वहीची तुमच्याकडची कड बघा. आडवी दिसते की नाही? वही कललीये, पण ती तुमच्याच दिशेने कललीये म्हणून कडेवर कल दिसत नाही. आता तसंच वहीच्या बाजूला जाऊन बघा, लगेच दिसेल.

ट्रान्सहार्बरची लाइन ठाण्याहून दक्षिणेला उतरते, डोंगर तुमच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण पसरलेला, आणि थर उतरतायत पश्चिमेला म्हणजे सरळ तुमच्या डब्याकडे. म्हणजे तुम्ही वहीची कड बघताय. ऐरोलीच्या पुलावरून या किंवा वाशीच्या पुलावरून, डोंगर समोरूनच दिसतो आणि तुमची फसगत तीच. बेलापूर-खारघरच्या अंगाला जा आणि उत्तरेकडे तोंड करून बघा, म्हणजे थरांच्या रेघा डावीकडे उतरताना दिसायला हव्यात. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळलं की जास्त स्पष्ट, श्रावणात सगळं हिरवंगार असतं तेव्हा कपाळ दिसणार.

थर ज्या दिशेने सगळ्यात जास्त उतरतो त्या उताराला डिप किंवा नती म्हणतात, आणि त्याला काटकोनात असलेली, थरावरची आडवी दिशा म्हणजे स्ट्राइक. स्ट्राइकच्या दिशेने रस्ता कापला तर थर आडवाच दिसणार, मग खरा कल कितीही असो. रस्ता मधल्या कोणत्या तरी दिशेने गेला तर अर्धवट कल दिसतो. खरा कल १० अंश असेल आणि रस्ता स्ट्राइकशी ३० अंश करून जात असेल तर भिंतीवर तो जेमतेम ५ अंश दिसेल. म्हणून एका भिंतीवरून आकडा सांगणारा माणूस, मग तो कितीही आत्मविश्वासाने सांगो, त्याला आधी विचारा की भिंत कुठल्या दिशेला होती.

५. घरच्या घरी मोजता येईल का? काही महागडं यंत्र लागतं?

अजिबात नाही. शाळेचा कोनमापक, मध्यावर बांधलेला दोरा आणि दोऱ्याला लोंबणारा एक नट, झालं यंत्र. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲपही चालतं.

थराचा मोकळा पृष्ठभाग शोधा (भिंतीवरची रेघ नाही, का ते वर प्रश्न ४ मध्ये) आणि त्यावर बाटलीतलं थोडं पाणी ओता. पाणी ज्या बाजूला धावतं ती डिपची दिशा, त्याच रेषेत कोन मोजा. एका जागी तीनदा तरी मोजा कारण लाव्ह्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि एकाच खड्ड्यावर यंत्र टेकवलं की आकडा भलताच येतो. दिशेसाठी होकायंत्र वापरत असाल तर ते दगडाला टेकवू नका, बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं आणि सुई भरकटते. मोबाइलच्या कव्हरला लोहचुंबक असेल तर तेही काढा. आमच्यातल्या एकाने अख्खी सकाळ "थर दक्षिणेला कललेत" म्हणून वहीत लिहिलं होतं, दोष कव्हरचा.

६. हिमालयासारखं कुणीतरी ढकललं म्हणून आपले थर वाकले का?

नाही, आणि हे पान लिहायचं खरं कारण हेच आहे. शाळेत "दाबामुळे वली पडते" एवढंच डोक्यात बसतं, मग वाकलेलं काहीही दिसलं की आपण दाब शोधायला लागतो. हिमालयात ते बरोबरच आहे, भारत आशियाला जाऊन भिडला, गेली सुमारे पाच कोटी वर्षं ढकलाढकली चालू आहे, सतरंजीला घड्या पडल्यात.

आपल्याकडे उलटं झालं, ताण पडला. लाव्ह्याच्या काळात आणि त्यानंतर लगेचच भारताची पश्चिम कड फाटत होती, सेशेल्सची बेटं जिच्यावर आहेत तो तुकडा आपल्यापासून तुटून लांब गेला आणि मधे समुद्राचा नवा तळ तयार झाला. कडेचं कवच ताणून पातळ झालं, थंड होत गेलं, खचलं, त्यावर समुद्रात गाळाचं ओझं पडलं. कापसाच्या गादीच्या कडेवर बसून बघा. गादी तुम्ही ढकलत नाही, तरी चादरीच्या रेघा तुमच्याकडे उतरतात. पनवेल फ्लेक्शर म्हणजे ती गादीची कड, आणि मुंबई आणि ठाण्याचा बराचसा भाग त्या उतारावर बसलाय.

असं फक्त आपल्याकडेच नाही. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आणि दक्षिण आफ्रिकेच्या लेबोंबो डोंगररांगेत लाव्ह्याचे थर असेच फाटलेल्या कडेकडे झुकलेत.

७. दगड न तुटता वाकतो तरी कसा?

पापड आठवा. नुकता लाटलेला ओला पापड बोटावर लोंबकळतो, वाळलेला वाकवला की मोडतो. पीठ तेच, अवस्था वेगळी. दगडाचं तसंच, खोल जमिनीत उष्णता आणि चहूबाजूंनी दाब असेल आणि काम लाखो वर्षं हळूहळू चाललं असेल तर तो वाकतो. वर थंड असेल किंवा धक्का पटकन बसला तर तुटतो, आणि तुटून सरकला की त्याला फॉल्ट म्हणतात.

दुसरं म्हणजे चपात्यांची चवड. एकच दोन इंच जाड भाकरी केली तर ती वाकणार नाही, पण पंधरा चपात्यांची चवड दुमडते कारण प्रत्येक चपाती खालच्या चपातीवरून जराशी सरकते. थरांमध्येही मधे मऊ थर असले की असंच घसरून घसरून घडी पडते.

८. मग पनवेलला थर वाकलेत की तुटलेत?

इथे तज्ज्ञांचंच एकमत नाही. बेसॉल्ट जमिनीच्या वरच्या भागात, थंड, कडक, म्हणजे वाळलेला पापड, तो मऊसूत वाकला असेल असं मानायला जड जातं. एक मत असं की हे साधं वाकणं आहे. दुसरं मत असं की खाली फॉल्ट आहेत आणि त्यांच्यामुळे थर कललेत. देसाई आणि बर्ट्रांड यांनी १९९५ मध्ये ही ताणामुळे झालेली फॉल्टची रचना आहे असं मांडलं. हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये असं मांडलं की खोल जाताना वळत जाणाऱ्या पसरट फॉल्टवरून थर घसरले आणि घसरताना फॉल्टच्या बाजूला कलले.

मला विचाराल तर तुकड्यातुकड्यांनी कलण्याची कल्पना जास्त पटते. लांबून गुळगुळीत वळण दिसतं आणि जवळ गेलं की ठिकठिकाणी भेगा, सरकलेले तुकडे, मधे उभे घुसलेले डाइक, म्हणजे भेगेत शिरून तिथेच गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंती. गोल दिसणारा जिना जवळून पायऱ्यांचाच असतो.

९. अपनती, अभिनती यात नेहमी गोंधळ होतो. डोंगर म्हणजे अपनती ना?

वर फुगलेली घडी म्हणजे अपनती, अँटिक्लाइन, तिच्या पोटात सगळ्यात जुना थर. खाली झोळीसारखी ती अभिनती, सिंक्लाइन, तिच्या पोटात सगळ्यात नवा. एकाच बाजूला एकदाच झुकून पुढे पुन्हा आडवी होते ती मोनोक्लाइन, फ्लेक्शरचं ढोबळ रूप हेच.

आणि नाही, डोंगर म्हणजे अपनती नव्हे. हे आकार जमिनीच्या आत असतात, वरचा डोंगर झिजेतून तयार होतो. फुगलेल्या जागी दगड ताणून भेगाळतो आणि लवकर झिजतो, त्यामुळे कितीतरी वेळा अपनतीच्या जागी दरी आणि झोळीच्या जागी डोंगर उरतो. आपले पारसिक, खारघर तर घड्या पडून झालेच नाहीत, लाव्ह्याचा ढीग झिजून उरलेले तुकडे आहेत ते.

अपनतीचा आपल्याशी संबंध मात्र थेट आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात मुंबई हायला १९७४ मध्ये तेल लागलं, ते अशाच फुगलेल्या चुनखडीच्या थरात अडकलेलं होतं. तेल पाण्यापेक्षा हलकं, ते वर चढत जातं आणि उपड्या वाटीखाली हवा साठते तसं घडीच्या माथ्याखाली साठतं. उरणच्या प्लांटमध्ये पाइपने येतं ते तिथलंच.

१०. माथेरान एवढं जवळ आहे, तिथले थर तर आडवेच दिसतात?

दिसतात नाही, जवळजवळ आडवे आहेतच. माथेरान वळणाच्या पूर्वेला येतं, गादीच्या मधल्या भागावर. पुढे सह्याद्रीतही कल एका अंशाच्या आत-बाहेर. पनवेलहून माथेरानकडे बघून मग खारघरकडे बघितलंत तर कलातला फरक एका सकाळीत कळतो, पण दोन्हीकडे बघायची दिशा एकच ठेवा, नाहीतर प्रश्न ४ चा घोळ.

११. खऱ्याखुऱ्या घड्या महाराष्ट्रात कुठे दिसतील?

बेसॉल्ट सोडून जुन्या दगडात जा. नागपूर-भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणींच्या पट्ट्यात, मनसरच्या बाजूला, फार जुने खडक आहेत आणि त्यांच्या घड्यांवर घड्या पडल्यात. दक्षिण कोकणात रेडीच्या लोहखनिजाच्या पट्ट्यातही जुने खडक आहेत. खाणीत परवानगीशिवाय शिरू नका, एवढं बोलून पुढे जाते.

१२. तिरका थर म्हणजे नंतरच कलला, असं नेहमी असतं का?

नाही. लाव्हा टेकडीच्या उतारावरून वाहत आला असेल तर तो थर जन्मतःच तिरका असतो. वाळूच्या टेकाडांमध्येही आतल्या रेघा पहिल्यापासून तिरक्या असतात. त्यामुळे दोन-तीन अंशांच्या कलावर मी लगेच बोलत नाही. एकावर एक पाच-सहा लोट, सगळे एकाच दिशेला सारखेच झुकलेले आणि हे किलोमीटरच्या किलोमीटर, तेव्हा नंतर कलले म्हणा.

उलटंही होतं, खालचे थर तिरके, झिजलेले आणि त्यावर आडवे थर आरामात बसलेले. याला विसंगती म्हणतात. स्कॉटलंडमध्ये सिकार पॉइंटला जेम्स हटनने १७८८ मध्ये असा कडा बघितला आणि त्याच्या लक्षात आलं की खालचे थर साचायला, कलायला, झिजायला आणि मग वरचे साचायला केवढा अफाट काळ गेला असेल.

१३. डोंगराला लागून फ्लॅट बघतोय, थर कललेत म्हणजे घसरतील का?

नुसत्या कलाने नाही. बघायचं असतं ते डोंगराचा उतार आणि थरांचा उतार एकाच बाजूला आहेत का. आपल्याकडे थर पश्चिमेला उतरतात, म्हणून पश्चिमेच्या उतारावर पायथा सरळ कापला तर थरांची टोकं उघडी पडतात आणि वरच्याचा खालचा आधार जातो. त्यात मधे प्रश्न १ मधली लाल माती असेल आणि पावसाचं पाणी तिच्यावर साठलं तर ती निसरडी होते. पूर्वेच्या उतारावर थर डोंगराच्या आत झुकलेले, तिथे ही भीती कमी, पण सुटे दगड पडण्याची असतेच.

बिल्डरला हे विचारा: मागचा डोंगर कापलाय का, किती उंच, त्याला जाळी-बोल्ट आहेत का, पाणी जायला भोकं ठेवलीत का, आणि जिओटेक्निकल रिपोर्ट, म्हणजे तिथल्या माती-दगडाच्या तपासणीचा अहवाल, दाखवता का. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने फ्लॅट घेतला तेव्हा मागची भिंत "फक्त शोभेची" सांगितली होती, पहिल्याच पावसात तिच्या सांध्यातून लाल पाणी यायला लागलं. लाल पाणी म्हणजे माती वाहून येतेय, दुर्लक्ष करायची गोष्ट नाही.

आणि थर आडवे म्हणजे सुरक्षित, हा उलटा गैरसमजही नको. माळीण, ३० जुलै २०१४, आणि इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३, दोन्हीकडे मुसळधार पावसात उतारावरची माती-दगडगोटे खाली आले, थरांचा कल तिथे मुख्य मुद्दा नव्हता.

१४. फ्लेक्शर म्हणजे भूकंपाची रेषा का? आणि वज्रेश्वरीचं गरम पाणी त्याच्यामुळेच का?

वळण झालं त्याला कोट्यवधी वर्षं झाली, ते स्वतः रोज हलत नाहीये. पण जुन्या भेगा कमकुवत जागा असतात म्हणून अभ्यासक लक्ष ठेवतात. बांधकामाच्या आयएस १८९३ या मानकाच्या २००२ च्या नकाशात मुंबई-ठाणे झोन तीनमध्ये होतं, म्हणजे मध्यम, त्यामुळे इमारत त्या हिशोबाने बांधलीये का हा प्रश्न फ्लेक्शरच्या चर्चेपेक्षा कामाचा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप यात ओढू नका, त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो.

वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोलीची कुंडं, खाली थेट राजापूरपर्यंत, किनाऱ्याला समांतर ओळीत आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं आणि वर येतं. खाली लाव्हा उकळतोय असं नाही. कड ताणली गेली तेव्हाच्या भेगा आणि ही कुंडं एकाच कुटुंबातली, इतपत म्हणता येईल.

१५. थर उलटा झालाय हे कसं ओळखायचं?

मोठ्या घड्यांत असं खरंच होतं, घडी इतकी आडवी पडते की जुना थर वर येतो. आपल्याकडे सापडणार नाही, तरी ओळखायला बेसॉल्ट सोपा आहे. लोटाचा माथा जाळीदार, कारण वायूचे बुडबुडे वर चढून तिथे अडकतात. नंतर त्या भोकांत पांढरं झिओलाइट किंवा क्वार्ट्झ अशी खनिजं भरतात. लालसर भाजलेली माती माथ्यावर. बुडाला कधीकधी नळीसारखी उभी भोकं. हे सगळं उलटं दिसलं तर थर उलटा, किंवा जास्त शक्यता ही की तुम्ही वरून गडगडून आलेला सुटा धोंडा बघताय.

१६. येऊरला गोल गोल वळलेले थर दिसले, ही वलीच ना?

दहात नऊ वेळा नाही. कांद्यासारखे पापुद्रे असतील तर ते कुजणं आहे: बेसॉल्टच्या चौकोनी तुकड्यांत भेगांतून पाणी शिरतं, कोपरे लवकर कुजतात आणि आत गोल गाभा राहतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे उभे खांब थंड होताना आकसून तडकल्याने होतात, आणि लाव्हा वाकड्यातिकड्या जागेत निवला असेल तर ते खांब पंख्यासारखे वळतातही, कुणीही वाकवलेले नसताना. दोरखंडासारख्या सुरकुत्या असतील तर ती लाव्ह्याची साय: वरचं कातडं घट्ट, खालचं वाहतंय, तापल्या दुधाच्या सायीला पडतात तशा सुरकुत्या, लाव्हा निवायच्या आधीच्या.

खऱ्या घडीत एकापेक्षा जास्त थर एकत्र वळतात आणि ती रेघ पुढे कुठेतरी सरळ होते. एकाच धोंड्यात सुरू होऊन त्याच धोंड्यात संपणारं वळण असेल तर तो कांदाच.

१७. फोटो पाठवला तर सांगाल का?

सांगू, पण फोटोत काहीतरी माप ठेवा, पेन, पाण्याची बाटली, उभा माणूस, काहीही. मोबाइल सरळ धरा, कारण तिरक्या धरलेल्या मोबाइलने कललेले थर आठवड्याला दोन-तीन येतातच, मागची इमारतही कललेली असते म्हणून कळतं. जवळून एक, लांबून एक. आणि कृपा करून लिहा की तुमचं तोंड कुठल्या दिशेला होतं.